जरा हात लावा

मराठीत एक लहानसे वाक्य आहे. सुभाषितांच्या पुस्तकात ते सापडत नाही आणि शाळेत ते कोणी पाठ करून घेत नाही. कपाट सरकवायचे असले, धान्याचे पोते पाठीवर घ्यायचे असले, आजारी माणसाला उशीला टेकवून बसवायचे असले, की ते आपोआप तोंडातून निघते : "जरा हात लावा." म्हणणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, ऐकणाऱ्याला मोठेपणा वाटत नाही. काम होते आणि दोघेही ते विसरून जातात. परोपकार, सेवा, दान यांवर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. पण त्या विषयातले जे काही थोडेफार मला समजले, ते या सहा अक्षरांनी समजावले. तेही फार उशिरा, पन्नाशी उलटल्यावर, शहापूर तालुक्यातल्या एका विहिरीवर.

मी पोटासाठी चित्रे काढतो. भिंतीवर टांगायची नव्हेत, कथांच्या पोटात बसवायची. लेखक लिहून मोकळा होतो की 'ती दारात उभी होती'. दार कसले, ती कोणत्या पायावर भार देऊन उभी, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे येते. दिवाळीचे आमचे काम उन्हाळ्यातच सुरू होते. तुम्ही चकली मोडता मोडता जो अंक चाळता, त्यातल्या पणत्या आम्ही वैशाखात घाम पुशीत रंगवलेल्या असतात.

त्या वर्षी संपादकांचा निरोप आला, "एक पाणी भरणारी बाई हवी. कंबरेत जराशी लवलेली, घागरीतले पाणी हिंदकळते आहे, अशी." यात नवल नव्हते. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी अंकाशिवाय पुरी होत नाही. आणि दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केल्यावर तर अंकाचे चित्र हेही फराळाइतकेच वाट पाहण्याजोगे झाले. घागर घेतलेली स्त्री हा आमच्या धंद्यातला हुकमी विषय. मी स्वतः अशा चाळीस-पन्नास तरी काढल्या असतील, आणि त्या सगळ्या माझ्या दादरच्या खोलीत बसून.

या वेळी मात्र काय सुचले कोण जाणे, प्रत्यक्ष पाहून काढावे असे वाटले. सकाळच्या कसारा गाडीने आसनगावला उतरलो. माहुलीचे सुळके उन्हात पांढुरके दिसत होते. तिथून पुढे एका पाड्यावर ओळखीचे शिक्षक होते. त्यांनी विहीर दाखवली आणि ते आपल्या कामाला गेले. मी जांभळाच्या सावलीत वही उघडून बसलो.

विहिरीचे पाणी तळाला गेले होते. तिथे उन्हाळ्यात टँकर येतो आणि तो विहिरीतच पाणी ओततो. मग बायका तेच पाणी पोहऱ्याने पुन्हा वर ओढतात. भांडी खणखणत होती, भांडणे होत होती, मिटत होती. मी भराभर रेषा ओढीत होतो. हल्लीचे लोक अशा वेळी फोन काढून छायाचित्र घेतात. मला अजून हाताने पाहावे लागते. तासाभराने गर्दी पांगली. शेवटी एक बाई उरली. तिशीची असेल. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, भरलेला हंडा आधी गुडघ्यावर घेतला आणि मग एका हिसक्यात डोक्यावर. वा! हीच ती रेषा, मी मनात म्हटले. तिची भरलेली कळशी खाली काठावरच होती. ती तशीच उभी राहिली आणि इकडेतिकडे पाहू लागली. मला वाटले, आपले चित्र निघते आहे म्हणून बिचारी माझ्यासाठी थांबली आहे. मी खूश होऊन आणखी दोन मिनिटे तिला तशीच उभी ठेवली.

अखेर ती म्हणाली, "भाऊ, काढून झालं असंल तर जरा हात लावा."

मी वही टाकून धावलो. कळशी गळ्याशी धरून एका हाताने उचलायला गेलो तर पाव कळशी माझ्याच पायांवर सांडली. तिने सांडलेल्या पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. "गळ्याला नका धरू. बुडाखाली हात घाला." ती गुडघ्यांत किंचित वाकली. मी दोन्ही हातांनी कळशी उचलून तिच्या हंड्यावर ठेवली. ती क्षणभर तोल पाहत थांबली. मग "सोडा आता," म्हणाली आणि निघाली. तिने आभार मानले नाहीत आणि चित्रही पाहायला मागितले नाही.

मी सावलीत परतलो आणि वही पाहिली. चित्र साफ खोटे होते.

काय खोटे होते, ते सांगतो. माझ्या चित्रातला हंडा रिकामा होता. मानेची रेषा फुलाच्या देठासारखी आली होती. ज्या मानेवर वीस-पंचवीस शेर ओझे असते ती मान अशी दिसत नाही. ती खांद्यांत रुतते, हनुवटी किंचित पुढे येते आणि डोळे दहा पावलांवरच्या जमिनीला खिळतात. हे मला डोळ्यांनी तासभर पाहून कळले नव्हते. मनगटांना एका क्षणात कळले. तीस वर्षे मी ओझ्यावाचून ओझी काढीत आलो होतो आणि लोक त्याला सौंदर्य म्हणत होते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. डोक्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी घेतलेली बाई चित्रात नेहमी एकटी असते. खरोखर ती एकटी असूच शकत नाही. हंडा तिचा तिला चढवता येतो. पण तो एकदा चढला की तिला वाकता येत नाही आणि खालची कळशी उचलता येत नाही. म्हणजे अशी प्रत्येक बाई रस्त्याला लागण्यापूर्वी कोणाचा तरी दुसरा हात तिथे येऊन गेलेला असतो. आमचे चित्र सुरू होते तेव्हा तो निघून गेलेला असतो, म्हणून आम्हाला तो दिसत नाही.

मला तेव्हापासून वाटू लागले आहे की खरी मदत ही अशीच असते. ती चित्रातून वेळेवर बाहेर पडते. उलट, मदतीचे चित्र काढायला आम्हाला सांगतात तेव्हा आम्ही काय काढतो? देणारा मध्यभागी, उंच; घेणारा कोपऱ्यात, लहान, हात पसरलेला. वर्तमानपत्रांत अशी छायाचित्रे थंडीच्या दिवसांत हमखास येतात : घोंगडी एक आणि ती धरणारे हात आठ. त्यांत ज्याला थंडी वाजते आहे त्याचा चेहरा बहुधा कोणाच्या तरी कोपरामागे गेलेला असतो. हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. चित्रात मध्यभागी कोण आहे यावरून चित्र कोणाविषयी आहे ते ठरते, आणि मदतीचेही तसेच आहे.

आणखी एक विचार त्या विहिरीवर माझ्या मनात आला. 'हात लावणे' या शब्दांचा आपल्या देशात दुसराही एक अर्थ होता. कोणी कोणाच्या पाण्याला हात लावायचा याचे कायदे आपण शतकानुशतके पाळले. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेवढ्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले आणि मार खावा लागला. जिथे पाण्याला हात लावल्याने पाणी बाटत असे, तिथे एक बाई एका परक्या माणसाला, त्याचे नाव-गाव-जात न विचारता, सरळ म्हणते, "जरा हात लावा." तिला याचे काहीच वाटले नाही. मला वाटले, आणि पुष्कळ वेळ वाटत राहिले. असे वाक्य सहज म्हणता येणे ही लहान कमाई नव्हे. ते सगळीकडे अजून सहज म्हणता येत नाही, हेही तितकेच खरे.

संध्याकाळी घरी आलो. चित्र पुन्हा काढायला बसलो आणि नेहमीप्रमाणे ब्रश बुडवायला भांडे नळाखाली धरले. हात तिथेच थांबला. हे पाणी कुठले?

मुंबईकराला हा प्रश्न सहसा पडत नाही. नळातून येते ते पाणी, एवढे त्याला पुरते. पण शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईला १८९२ सालापासून येते आहे. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, त्यानंतर भातसा आली, आणि आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसेचे आहे. भातसेचे धरणही शहापूर तालुक्यातच. सह्याद्रीच्या कुशीतल्या या मुलखात पाऊस शंभर इंचांच्या घरात पडतो. पण काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाही, ते उतारावरून धावते. जे धावते ते धरणात अडते आणि जाडजूड नळांतून माझ्या खोलीपर्यंत येते. त्या नळांच्या आसपासच्या कित्येक पाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. मी ज्या बाईचे चित्र काढीत होतो, तिच्याच तालुक्यातल्या पाण्याने ते रंगवीत होतो.

यात मी काही पाप करीत होतो असे मी म्हणत नाही. शहराला पाणी लागते. धरणे बांधणारे काही दुष्ट नव्हते. तहानलेली मुंबई कोणाच्या कामाची? पण आपण तिकडे मदत करायला जातो म्हणतो, तेव्हा हिशेबाची वही आधी नीट उघडावी. माझ्या जन्मापूर्वीपासून त्या मुलखाने माझ्या कळशीला हात लावलेला आहे, न बोलता, चित्रात न येता. मी पहिला देणारा नव्हतोच. माझ्याकडून फारतर परतफेड झाली असती. मदत करणाऱ्याची मान जराशी खाली यायला एवढी माहिती पुरेशी आहे.

तरीही मी एका चुकीतून शिकून दुसरी चूक करायला मोकळा होतो. मी ठरवले की आता नुसते पाहायचे नाही, मदत करायची. ठरवून केलेल्या मदतीचे काय होते, ते मला त्याच वर्षी आषाढात मुरबाडकडे कळले.

कल्याणहून मुरबाड, तिथून पुढे धसईच्या बाजूला एक खेडे. समोर सह्याद्रीची भिंत, ढगांत अर्धी बुडालेली. भाताच्या लावणीचे, तिकडच्या बोलीत आवणीचे, दिवस. खाचरात आठ-नऊ माणसे ओळीने वाकलेली. मी विजार वर दुमडली आणि चिखलात उतरलो. रोपांची जुडी हातात घेऊन मोठ्या श्रद्धेने लावीत सुटलो. अर्ध्या तासाने कंबर सरळ करायला उभा राहिलो आणि मागे पाहिले, तर सत्तरीची एक आजी माझ्या मागोमाग येत होती आणि मी लावलेले प्रत्येक रोप उपटून पुन्हा लावीत होती. न बोलता. कदाचित सुरुवातीपासूनच.

मी ओशाळलो. ती म्हणाली, "आडवी पडतात तुमची, दादा. पाण्यावर तरंगतील. तुम्ही आपले बांधावर बसा अन् चित्रं काढा. पोरी बघून हसल्या की कंबर कमी दुखते."

तेव्हा मी बांधावर बसलो. माझ्या चित्रांना पोरी हसल्या. विशेषतः एका मामांचे पोट मी खरे तेवढेच काढले होते त्याला. त्या दिवशी माझ्याकडून झालेली मदत ती एवढीच. पण ती मदत होती, आणि चिखलातली नव्हती, हे मला मान्य करावे लागले. आपल्याला जे द्यावेसे वाटते ते आणि समोरच्याला जे हवे असते ते, यांच्यामध्ये पुष्कळदा आपला अहंकार उभा असतो, तोही विजार वर दुमडून.

त्या खाचरातली माणसे एका घरची नव्हती. तीन-चार घरची होती. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. या रीतीला कुठे सावड म्हणतात, कुठे इर्जिक, कुठे पडकई. आजीला मी विचारले, "याचा हिशेब ठेवता?" ती म्हणाली, "ठेवतो की. माणसामागं माणूस, दिवसामागं दिवस." मला आधी ते खटकले. मदतीचा हिशेब? पण मग लक्षात आले की या हिशेबात कोणी कोणाचा मिंधा राहत नाही. सगळे एकाच रांगेत वाकतात आणि सगळ्यांचे शेत लागते.

त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या एका हिशेबाची गोष्टही घडून गेली आहे. 'लग्नगडी' हा शब्द ऐकायला केवढा मंगल! पण तो गुलामीचा शब्द होता. गरीब आदिवासी तरुणाला लग्नासाठी सावकार किंवा जमीनदार पैसे देई. त्या घडीला ती मदतच दिसे. मांडव पडे, तारपा वाजे. मग तो तरुण आणि त्याची नवी नवरी त्या पैशांच्या बदल्यात धन्याच्या शेतावर राबत, आणि कर्ज काही केल्या फिटत नसे. १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठीविरुद्ध आणि या लग्नगडीविरुद्ध मान वर केली. देशभराचा वेठबिगारीविरोधी कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले. लग्नगड्यालाही हात दिला गेला होताच. फक्त तो पुन्हा सोडवून घेता येत नव्हता.

आणि याच मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. तिथे २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. भाईंचे नाव आपण 'आझाद दस्त्या'साठी, विजेचे मनोरे पाडण्यासाठी घेतो, आणि ते योग्यच आहे. पण माथेरानच्या नाभिक घरात जन्मलेल्या या वकिलाने त्यापूर्वी नेरळ-कर्जतच्या बाजूला एक काम केले होते, त्याचे मला फार अप्रूप वाटते. त्याने शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी उभी केली. अडचणीच्या दिवसांत सावकाराच्या दारी जाण्याऐवजी शेतकऱ्याने कोठीतून धान्य न्यावे आणि पीक आल्यावर परत भरावे. धान्य तेच, शेतकरी तोच. पण कोठीतून निघताना त्याला कोणाच्या पायाशी वाकावे लागत नव्हते.

चित्रकाराला या गोष्टी पाठीच्या रेषेत दिसतात. मदत होऊन गेल्यावर घेणाऱ्याची पाठ कशी दिसते? लग्नगड्याची पाठ वाकली. कोठीतून धान्य नेणाऱ्याची सरळ राहिली. आणि डोक्यावर कळशी घेतलेल्या बाईची पाठ तर इतकी ताठ असते की तशी रेषा मला अजून एका दमात ओढता आलेली नाही. मदत खरी की खोटी हे ओळखायला मला याहून सोपी कसोटी माहीत नाही. देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये, घेणाऱ्याच्या पाठीकडे पाहावे.

त्या दिवशी दुपारनंतर पावसाने असा जोर धरला की परतीचा रस्ताच दिसेना. आजीने मला पडवीत बसवले. चहा झाला. मग ती जरा थांबून म्हणाली, "आमच्या मालकांचं काढाल का? त्यांचा फोटो नाही."

मी विचारले, "मग मी त्यांना पाहू कसा?"

"मी सांगते की."

त्या संध्याकाळविषयी बोलण्यापूर्वी माझी एक जुनी शंका सांगितली पाहिजे. दुसऱ्याचे कष्ट पाहून त्यांची चित्रे काढणे, ती छापणे आणि त्यांचे पैसे घेणे, हे बरे की वाईट? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडला आणि उपाशी माणसांची रेखाचित्रे त्याने केली. त्यांचे पुस्तक निघाले तर सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे हाच चित्तप्रसाद कित्येक वर्षे आपल्या मुंबईत, अंधेरीला राहिला. त्याच्या त्या चित्रांत एक गोष्ट मला नेहमी अडवते : अनेक चित्रांशी त्याने त्या माणसाचे नाव आणि गाव लिहून ठेवले आहे. भुकेचे चित्र काढणारे पुष्कळ असतात; ही भूक कोणाची, हे विचारणारा विरळा. आणि मी? तीस वर्षे बायकांची चित्रे काढली, त्यांच्याखाली एकच नाव लिहिले, माझे. विहिरीवरल्या त्या बाईचे नावही मी विचारले नव्हते.

तेव्हा मी आजीला आधी तिचे नाव विचारले, मग मालकांचे. दोन्ही वहीत लिहिली. ती इथे देत नाही, कारण छापू का असे तिला विचारलेले नाही. मग ती सांगू लागली आणि मी काढू लागलो. कपाळ रुंद. नाही, एवढे नाही. नाक सरळ, पण शेंड्याला जरा बसके. मिशी होती, मग एकदा चिडून काढून टाकली, ती पुन्हा ठेवलीच नाही. कशावरून चिडले? ती हसली, ती एक निराळीच गोष्ट निघाली. शेजारची दोन माणसे पावसातून इरली सावरीत आली. एक म्हणे गाल बसलेले, दुसरा म्हणे ते आजारपणात. मी खोडीत होतो, काढीत होतो. म्हसोबाच्या यात्रेत पौषात त्यांनी घेतलेला बैल, त्या बैलाने वाटेत केलेली फजिती, लावणीच्या पावसात त्यांनी म्हटलेली गाणी, सगळे त्या पडवीत येऊन गेले. कंदील लागला तेव्हा माझ्या वहीत एक म्हातारा तयार झाला होता.

आजीने वही हातात घेतली, दिव्याजवळ नेली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "हे ते नाहीत."

मी काहीच बोललो नाही.

"पण कान तेवढे त्यांचे आलेत." आणि तिने बोटाने त्या कानांवरून हात फिरवला. "राहू द्या. कानांसाठी ठेवते."

मी अनेक चित्रे काढली, त्यांतल्या काहींचे कौतुकही झाले. पण कोणाच्या खरोखर उपयोगी पडले असे माझे चित्र ते एकच, आणि तेही फक्त कानांपुरते. त्या दिवशी मी चित्र काढून तिला मदत केली असे मला वाटत नाही. कोणीतरी चार घटका तिच्या माणसाविषयी विचारीत बसले, ही कदाचित मदत असेल. तिच्या मनात एक ओझे भरून तयारच होते. ते उचलायला तिला दुसरा हात हवा होता, इतकेच.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो घेतल्यावाचून हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कळशी उचलून दिल्याने काय झाले? ती बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच विहिरीवर आली असेल, तिसऱ्या दिवशीही. तिला परक्या भाऊचा हात नको आहे, दारात नळ हवा आहे. हे अगदी खरे आहे. भाई कोतवालांनी मूठभर धान्य वाटले नाही, कोठी बांधली, ते याचसाठी. हात लावणे पुरे नाही. पण ज्याने ते ओझे कधी मनगटावर तोललेलेच नाही, त्याला नळाची घाई कशी असेल? तो दुसऱ्याच्या हंड्याला माझ्या चित्रातल्यासारखा रिकामा समजतो. मोठी कामे करणारी माणसे आकाशातून येत नाहीत. त्यांनी कधीतरी, कुठेतरी, कोणाच्या तरी कळशीखाली हात घातलेला असतो.

आणि त्या पाड्यावर दारोदार नळ आला, बारा महिने वाहिला, तर घागर घेतलेली बाई हा आमचा हुकमी विषय बुडेल. बुडू द्या. ज्याचे चित्र काढायला आपल्याला आवडते ते जगातून नाहीसे व्हावे, अशी इच्छा चित्रकाराला मनापासून करता आली पाहिजे. मला ती अजून जराशी जड जाते, हे मी कबूल करतो.

तुमच्या हाती हा अंक येईल तेव्हा दारात कंदील लागलेला असेल. शहापूर-मुरबाडकडे भात खळ्यावर येत असेल. दिवाळी झाली की तिथल्या कित्येक कातकरी घरांना कुलपे लागतील. माणसे पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर निघतील, उचल घेतलेली असेल तिथे, आणि पावसाच्या तोंडाशी परततील. आपण ज्या नव्या घरांत पणत्या लावतो, त्यांच्या काही विटा त्या हातांच्या आहेत. तेही हात आपल्या चित्रांत येत नाहीत. त्यांना ओढून मध्यभागी आणून उभे करा, असे मी म्हणत नाही. ते येऊन गेले आहेत, एवढे लक्षात असावे. आणि वाटेत कोणी "जरा हात लावा" म्हटले, तर वही खाली ठेवावी, बुडाखाली दोन्ही हात घालावेत, आणि तो "सोडा" म्हणाला की सोडावे.

संपादकांनी मागितलेली बाई मी अखेर पाठवली. ती कंबरेत लवलेली नव्हती आणि पाणीही फारसे हिंदकळत नव्हते. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. चित्र आवडले होते. "फक्त एक," ते म्हणाले, "उजव्या कडेला कोणाचा तरी अर्धा हात राहून गेला आहे. कापून टाकू ना?"

मी म्हटले, "राहू द्या."